तांबूला घेऊन वरंध्याच्या वाटेनं हर्णैकडे

दिवाळीला कंपनी आठवडाभर बंद असते. त्याआधी टाइम ऑफिसात रजेच्या पत्त्याचा कागद भरावा लागतो. गेली अठरा वर्षं मी त्यावर जुन्नरकडच्या माझ्या गावाचं नाव लिहीत आलो. यंदा ‘हर्णैजवळ, तालुका दापोली’ असं लिहिलं तेव्हा कारकुनानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

“समुद्रावर कोण आहे तुमचं?”

“कुणी नाही. हवापालट.”

“तुम्ही आणि हवापालट? बरोबर कोण?”

“घरातली मंडळी. आणि कुत्रा.”

त्यानं टाक खाली ठेवला आणि शेजारच्याला म्हणाला, “ऐकलं का, पिंपरीचं कुत्रं हवा खायला निघालंय.”

मी हसलो. पण खरी गोष्ट वाचणाऱ्यांना आधीच सांगतो, म्हणजे पुढं फसवल्यासारखं वाटायचं नाही. मला कंपनीच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. दुसरा मजला, आणि नळ आत. माझी बायको कौसल्या लग्न होऊन आली तेव्हापासून चाळीच्या नळावर पहाटे चारला रांगेत उभी राहायची. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला आहे. वसाहतीच्या नियमांत मात्र कुत्र्याला जागा नाही. आमचा तांबू कंपनीच्या भंगाराच्या ढिगात सापडलेला, रंगानं तांब्यासारखा, वय चारेक वर्षं. माझ्या मशीनवर दुसऱ्या पाळीला येणारा गमरे म्हणाला, “माझ्या आईकडं ठेवा. एकटी असते. घर समुद्राला लागून. तुम्ही पण राहा चार दिवस, त्याला रुळू द्या. नाहीच जमलं तर परत आणा.”

म्हणजे सहल तिघांची होती. परत किती जण यायचं, हे तिथं जाऊन ठरायचं होतं.

स्वारगेटहून सकाळी सहाला महाडची एसटी निघते. कुत्रा नेणार असाल तर अर्धा तास आधी जा आणि कंडक्टरशी आधी बोला, गाडीत चढून नाही. आमचा कंडक्टर बडीशेप चघळत उभा होता.

“हे काय?”

“कुत्रा.”

“ते दिसतंय. चावतो का?”

“आजवर तरी नाही.”

“आजवर मलाही कुणी चावलं नाही, म्हणून विचारतो.” मग त्यानं अर्धं तिकीट फाडलं, तोंडाला पंचा बांधायला लावला आणि आम्हाला सगळ्यात मागच्या बाकावर बसवलं.

भोर सोडल्यावर वरंधा घाट लागतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये एसटी जाईल एवढाच रस्ता. आमच्या पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ वळून म्हणाले, “राव, त्याला खिडकीकडं घ्या, घाटात ओकायचा.” तांबू ओकला नाही. तिसऱ्या वळणावर त्या गृहस्थांनाच खिडकी लागली. कौसल्यानं त्यांना लिंबू दिलं. घाटात जाताना लिंबू, आणि आदल्या दिवशीचं हलकं जेवण, एवढं लक्षात ठेवा. घाटमाथ्यावर गाडी चहाला थांबते. तिथली कांदाभजी गरम असतानाच खावीत. पंचा सोडल्यावर तांबूला दोन मिळाली, एक माझ्याकडून, एक कंडक्टरकडून.

दुपारी महाडला उतरलो. तिथं आलेला आमच्यातला माणूस तळ्यावर गेल्याशिवाय पुढं जात नाही. ज्या पाण्याला गुरंढोरं तोंड लावायची आणि आमच्या आजोबा-पणजोबांना मनाई होती, ते हे तळं. पायऱ्यांपाशी मी थबकलो. तांबूला वर बांधावं की कसं, असा विचार मनात आला. पायरीवर बसलेले एक म्हातारे म्हणालेच, “कुत्रं कशाला आत आणता? धरा त्याला बाहेर.”

माझ्या आधी कौसल्या बोलली. “बाबा, इथं कुणाला बाहेर धरायचं नसतं.”

म्हाताऱ्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग बाजूला सरकून त्यांनी वाट दिली. आम्ही खाली उतरलो. मी मनात त्रिसरण म्हटलं, ओंजळ भरली आणि प्यायलो. तांबूही शेजारी मान घालून प्यायला. त्याला तहान लागली होती, एवढंच.

महाडहून पुढच्या गाडीचा कंडक्टर ऐकेना. “माणसं उभी हायेत, आणि कुत्र्याला बाक देऊ?” त्याचंही बरोबर होतं. तासभर नाक्यावर बसलो. तेवढ्यात चहाच्या टपरीसमोर एक ट्रक थांबला, वर कांद्याच्या गोणी. ड्रायव्हर उतरून तांबूकडं बघत म्हणाला, “कुठलं म्हणायचं पाव्हणं?”

“पिंपरीचे.”

“मग घरचंच की. मी चाकणचा. चाकणचा कांदा दापोलीला घालतोय. कुठं जायाचं?”

“हर्णैकडं. हा पण आहे बरोबर.”

“आसंना का. त्यो काय कांदा खानार न्हाई. वयनी पुढं बसत्याल, तुमी दोघं वर.”

कशेडी घाट मी असा कांद्याच्या गोणींवर उताणा पडून पार केला. वर आभाळ, शेजारी तांबू, वारा कानात. प्रवासातला सगळ्यात सुखाचा तुकडा तोच. ड्रायव्हरनं भाडं घेतलं नाही, चहा मात्र दोनदा प्यायला. दिवेलागणीला त्यानं आम्हाला गावच्या फाट्यावर सोडलं.

गमऱ्याच्या आईला सगळं गाव आये म्हणतं. मग आम्हीही म्हणू लागलो. पंचाहत्तरीची, हातापायाची काडी, पण आवाज मोठा. जय भीम झाल्यावर तिनं आधी तांबूला निरखलं. “ह्यो काय? पोरानं चिठ्ठीत वाघ लिवलान होता.”

पहिल्या पहाटे पाचला मी आपोआप जागा झालो. पहिल्या पाळीचा भोंगा पाचला होतो, ती सवय. तिथं भोंगा नव्हता, नुसता एकसारखा मोठा श्वास ऐकू येत होता. बाहेर आलो तर तांबू आधीच अंगणात उभा. आम्ही दोघं आवाजाच्या दिशेनं चालत गेलो, सुरूची झाडं ओलांडली, आणि समोर एकदम काहीच नाही. नुसतं पाणी. मी वाळूवर बसून पंचशील म्हटलं. तांबूला एवढं पाणी बघून आनंद झाला असावा, कारण तो धावत गेला आणि पोटभर प्यायला. मग परत येऊन माझ्या पायाशी ओकला. दुसऱ्या लाटेलाही तेच. समुद्रावर कुत्रा नेणाऱ्यांनी बरोबर गोड्या पाण्याचा डबा ठेवावा आणि वाळूवर जायच्या आधी त्याला भरपूर पाजावं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

परत आलो तर आये चूल पेटवत होती. “इतक्या फाटेचे कुठं गेल्याव? दोघांची डुटी लागली काय?”

हसण्यावारी नेलं, पण ते खरंच होतं. अठरा वर्षं मी तीन पाळ्यांवर जगलो, आणि शेवटची चार वर्षं तांबू माझ्याबरोबर. आम्हाला दोघांनाही रिकामा दिवस कसा घालवतात ते येत नव्हतं. नऊ वाजता मला वाटायचं दुपार झाली. तांबू वाळूवर इकडून तिकडं फिरायचा, खेकड्यांच्या बिळांत नाक घालायचा, परत येऊन माझ्याकडं बघायचा. कौसल्या तेवढी खरी सुट्टीवर होती. पदर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहायची आणि म्हणायची, “पायाखालची वाळू सरकते बघा. उभं राहूनच प्रवास होतोय.”

जेवण तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि मासळी. हर्णैला संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूवरच लिलाव होतो. तो जरूर पाहा. बोली कशी चालते ते मला दोन दिवसांत कळलं नाही, पण आयेनं पाच मिनिटांत टोपलीभर बांगडे मिळवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तांबूनं घोटाळा केला. कोळीवाड्यापाशी मासळी वाळत घातली होती. तो त्यात गेला, दोन बांगडे खाल्ले आणि उरलेल्यांवर पाठ घासून लोळला. ज्या बाईची मासळी होती ती हातात काठी घेऊनच आली.

“कुनाचा ह्यो?”

“माझा.”

“कुठला तू?”

“पिंपरीचा.”

“पिंपरीला मासली नाय मिलत? कुत्र्याला हितं जेवाया आनलास?”

मी पैसे पुढं केले. ती म्हणाली, “पैशे ठेव तुज्यापाशी. मी बाजारात जातेय. येईपरेन कावले हाकल. तू आनि तुजा ह्यो.”

मग मी होडीच्या सावलीत बसलो. पहिला कावळा उतरला तसा तांबू उठला. दुसरा उतरला, तांबू धावला. अर्ध्या तासात त्यानं मासळीभोवती आपली हद्द ठरवली आणि तिच्या कडेकडेनं फेऱ्या मारू लागला. एकाही बांगड्याला त्यानं पुन्हा तोंड लावलं नाही. दोन दिवस मरगळलेली शेपटी वर आली होती. बाई परतली, थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिली. “उद्या सकालीच धाड त्याला,” म्हणाली. “तू नाय आलास तरी चालंल.”

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी तांबू कामावर गेला आणि मी एकटा सुट्टीवर राहिलो. दुपारी त्याला मासळीची डोकी मिळायची. संध्याकाळी तो आयेच्या ओट्यावर येऊन पडायचा, खारट आणि वास मारणारा. ती त्याच्याशी दिवसभराचं बोलायची. कोण आलं, कोण गेलं, गुडघा कुठं दुखला. तो ऐकायचा.

निघायच्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. आये समोर येऊन बसली. “जड जात आसंल तर ने परत. मी रागवायची नाय.”

आतापर्यंत माझ्या मनात एक सोय होती, की तांबू रुळला आहे, शब्द दिला आहे, आता काय करणार. तिनं ती काढून घेतली. मागच्या विहिरीवर कौसल्या रहाटानं पाणी काढत होती. आयेनं नको म्हटलं होतं तरी काढत होती, हात सवयीचे. मी तिच्यापाशी गेलो.

“काय करू?”

“मी काही बोलणार नाही,” ती म्हणाली. “बोलले तर जन्मभर माझ्यावर ढकलाल.”

तिनं कळशी उचलली. नेहमीसारखी उजव्या खांद्यावर घेतली आणि मान डावीकडं कलली. अठरा वर्षं मी ते रोज बघत आलो होतो आणि तिथं विहिरीवर पहिल्यांदा पाहिलं. पाच शिलांमध्ये कुठल्याही जिवाला मारू नये हे आहे, दुसऱ्याकडं सोपवावं की नाही हे नाही. ते आपलं आपण ठरवायचं.

मी किनाऱ्यावर गेलो. तांबू फेऱ्या मारत होता. मला बघून धावत आला, हात हुंगला, एकदा चाटला. मग मागं वळून बघितलं, कारण दोन कावळे उतरले होते.

“जा,” मी म्हटलं.

तो गेला.

परतीच्या प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. दापोलीहून खेड, खेडहून महाड, महाडहून स्वारगेट, सगळीकडं एसटी मिळाली. कुणी अडवलं नाही, कुणी गंमत केली नाही. भोरच्या अलीकडं कौसल्या रडली आणि मी खिडकीकडं बघत राहिलो.

वसाहतीत येऊन आता तीन महिने झाले. पहिला आठवडाभर कौसल्या पहाटे चारला उठायची, नळ सोडायची, बंद करायची आणि परत निजायची. आता सहापर्यंत झोपते. बाहेर कुणाचा कुत्रा भुंकला तर आम्ही एकमेकांकडं बघत नाही.

सहल करावी का, असं खात्यातले विचारतात. जरूर करावी. वरंध्याची वाट करावी, गोणींवर पडून आभाळ बघायला मिळालं तर तेही करावं, आणि कुत्रा असेल तर त्याला न्यावं. समुद्र त्याला आपल्यापेक्षा लवकर कळतो. फक्त परत किती जण यायचं ते घरीच ठरवून निघा. तिथं ठरवणं फार कठीण.

गेल्या आठवड्यात गमरे आईला भेटून आला. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसला.

“तांबू जाड झालाय,” म्हणाला. “पार कोळी झालाय तो. एका जुन्या होडीत झोपतो. मी हाक मारली तर आला, माझी पिशवी हुंगली. तुमचा जुना शर्ट दिला होता ना तुम्ही, तो काढून दाखवला.”

“मग?”

“हुंगला. शेपटी हलवली. आणि गेला परत कामाला.” गमऱ्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. “वाईट वाटलं का?”

मी रोज सकाळी म्हणतो, सगळे जीव सुखी असोत. माझ्यावाचून सुखी असोत, हेही त्यात येतं, ते मला कॅन्टीनच्या त्या बाकावर कळलं. डब्यातली भाकरी मी तशीच हातात धरून होतो.

“नाही,” मी म्हटलं. “पुन्हा सांग. होडीत झोपतो तिथपासून.”