शेपटीवरचा छत्तीस

आमचे बाबा उभ्या आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही माझ्यापायी.

बाबा म्हणजे माझे सासरे. एकोणचाळीस वर्षं त्यांनी लिफ्टदुरुस्ती केली. लिफ्ट म्हटलं की आपल्याला आरसा आणि बटणं आठवतात. बाबांची लिफ्ट म्हणजे तिच्या खालचा खड्डा. तळमजल्याच्याही खाली, ग्रीसच्या वासात, हातात टॉर्च घेऊन उभं राहायचं आणि मान वर करून पंधरा मजले लांब गेलेले तारेचे दोर न्याहाळायचे.

"वर बघून बघून मान तशीच राहिली यांची," सासूबाई म्हणतात, "मग सुट्टीच्या दिवशी दुसरं काय करणार? विमानं बघायला लागले."

सासूबाई विमानांना 'माझ्या सवती' म्हणतात. बाबा टोपी शोधायला लागले की आतून आवाज येतो, "कोणती आज? गोरी की लाल पट्ट्याची?" बाबा तितक्याच गंभीरपणे सांगतात, "वारा कुठून आहे त्यावर ठरेल."

लग्न होऊन आले तेव्हा मला या छंदाचं हसू यायचं. विमानतळाच्या मागच्या कुंपणाशी मातीचा एक उंचवटा आहे, तिथे बसायचं. विमान उतरलं की दुर्बिणीतून शेपटीजवळचा नंबर वाचायचा आणि वहीत लिहायचा. तारीख, वेळ, जात, नंबर. लांबट, कापडी पाठीच्या अशा एकोणतीस वह्या कपाटात उभ्या होत्या. मी एकदा विचारलं, "नंबर लिहून झाला की पुढे काय करायचं?"

"पुढे काय? पुढचं विमान."

पण वहीचा मान मोठा होता. बाबांच्या कामावर प्रत्येक इमारतीत मशीनच्या खोलीत खिळ्याला एक कार्ड टांगलेलं असे. ब्रेक बघितला, सही. दोर बघितले, सही. एकदा वरचे साहेब म्हणाले, तपासणीवाले खाली आलेत, ब्रेक उद्या उघड, सही आज कर. बाबा म्हणाले, "उद्या बघेन, उद्या सही करेन." त्यांची बढती गेली ती गेलीच. त्यांच्याकडे एक नियम होता: कार्डावरची एक सही खोटी निघाली की ते कार्ड फाडायचं आणि सगळी तपासणी पहिल्यापासून करायची. विमानांच्या वहीलाही त्यांनी हाच नियम लावला होता. अर्धवट दिसलेला नंबर म्हणजे न दिसलेला.

उंचवट्यावर आणखी चार-सहा जण असत. त्यात मुख्य दोघे. एक भूगोलाचे निवृत्त मास्तर. सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून एक मोठी वही ते सांभाळत. दुसरा दातांच्या कवळ्या बनवणारा, माझ्याच वयाचा. त्याच्या कॅमेऱ्याची नळी हातभर लांब, म्हणून तो तोफवाला. तिथे बाबांचा शब्द शेवटचा असे. नंबरावरून वाद झाला की मास्तर म्हणत, "लिफ्टवाल्यांच्या वहीत काय आहे ते बघा," आणि वाद संपे.

या सगळ्यात बाबांची एकच खंत होती. एका मालवाहू कंपनीची चार इंजिनांची आठ जुनी विमानं. शेपटीवर एकतीसपासून अडतीसपर्यंत आकडे. बाबांनी सात बघितली होती. छत्तीस तेवढं एकोणीस वर्षं हुकत होतं. ते एकदा आमच्या शहरात उतरलं होतं, नेमकं माझ्या नणंदेच्या लग्नाच्या दिवशी. मंडपातच कोणीतरी ते बाबांच्या कानात सांगितलं. मुलीला निरोप देताना बाबा ढसाढसा रडले, ते नक्की कशासाठी, असं सासूबाई अजून विचारतात. "तुमचा आणि त्याचा छत्तीसचा आकडाच आहे," हेही त्यांचंच.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या नजरेत मधोमध डाग पडायला लागला. कडेचं दिसे, समोरचं पुसलं जाई. डॉक्टर म्हणाले, याला शस्त्रक्रिया नाही, आहे ते जपा. तरीही विमानाची जात ते आवाजावरून आणि पंखांच्या ठेवणीवरून अचूक सांगत. नंबर मात्र वाचता येईना. वर्षभर त्या रकान्यात ते नुसती रेघ ओढत राहिले. शेवटी उंचवट्यावर सभा भरली आणि मास्तरांनी निकाल दिला, "लिफ्टवाल्यांना दुसऱ्याचे डोळे चालतील. पण ते डोळे शेजारी बसलेले हवेत."

ह्यांना ऑफिस, सासूबाईंना सवतीमत्सर. उरले मी. दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी, चौदा महिने, मी नंबर वाचले आणि बाबांनी जाड काळ्या पेनाने, मान तिरपी करून, वहीत उतरवले. मी तिथे रमलेही होते. कोणतं विमान जड आहे, कोण वाऱ्याला तिरकं येतंय, हे मलाही कळायला लागलं होतं. कंटाळा यायचा असं म्हणायची सोय नाही.

तो बुधवार. ऊन मी म्हणत होतं. धाकट्या बहिणीचा फोन आला, भाचीच्या कपाटाला कोणता रंग द्यावा यावर. मी दुर्बीण मांडीवर ठेवून पिस्ता बरा की आकाशी, ते सांगत होते.

"अगं, चार इंजिनं!" बाबा उठून उभे राहिले. "जुनी बाई आली. नंबर बघ, सूनबाई!"

फोन खाली ठेवून दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत चाकं टेकून धूर उडाला होता. काच जुळवली तोवर विमान मालाच्या गोदामाआड गेलं. मला शेपटी दिसली, तिचा निळा रंग दिसला. आकडा दिसला नाही.

"दिसला?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. पण मग का नाही, हे सांगावं लागलं असतं. उंचवट्यावर आम्ही दोघंच होतो. त्यांचा चेहरा गोदामाकडे होता, टोपी हातात होती.

"छत्तीस," मी म्हणाले.

त्यांच्या आनंदासाठी म्हणाले, असं पुढे कित्येक दिवस मी स्वतःला समजावत होते. पाव हिस्सा ते खरंही असेल. बाकी सगळी होती लाज, आणि घरी जायची घाई.

बाबांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. सावकाश खाली बसले. पेनाचं टोपण त्यांना उघडेना, ते मी उघडून दिलं. माझ्या हाताने.

घरी सासूबाई म्हणाल्या, "आज काय, जिना दोन दोन पायऱ्या चढताय?"

"आठ झाली," बाबा म्हणाले.

सासूबाईंनी थट्टा केली नाही. हातातलं काम ठेवून त्यांच्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा बघू, कशी आली ती." बाबांनी सांगितलं. आवाज, पंख, धूर. आणि शेवटी, "आपल्या सूनबाईने वाचला. एका झटक्यात." मी दाराशी चादरीच्या घड्या घालत उभी होते. मनात म्हटलं, कोणाचं काय बिघडलं?

दोन आठवड्यांनी जुन्या धावपट्टीवर हवाई कसरती होत्या. वर्षातून एकदा होतात. सगळीकडची ही नंबरवाली मंडळी तिथे जमतात, त्यांचा एक वेगळा तंबू असतो आणि तंबूत एक फळा. एखाद्याचा संच पूर्ण झाला की मास्तर त्याचं नाव फळ्यावर लिहितात, एवढाच सन्मान. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सासूबाईही आल्या होत्या, कानात कापसाचे बोळे घालून. "सवतीचा सत्कार आहे," म्हणाल्या, "जायला नको?"

मास्तरांनी खडू उचलला. "एकोणीस वर्षं," असं काहीतरी ते बोलायला लागले, इतक्यात तोफवाला पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते.

"मास्तर, एक मिनिट. मला सकाळपासून सांगवत नाहीये." त्याने पिशवीतून एक फोटो काढला. "लिफ्टवाल्यांना भेट द्यायला छापून घेतला. त्या दिवशी मी पलीकडच्या टोकाला होतो. तीच वेळ, तेच विमान. पण छापून आल्यावर बघितलं तर…"

मास्तरांनी बघितलं आणि फोटो बाबांच्या हातात दिला. बाबांनी मान तिरपी केली आणि फोटो डोळ्याच्या कडेशी हळूहळू सरकवला. पुन्हा सरकवला. त्यांना आकडे वाचता येत नव्हते, पण एवढं दिसलं.

"दोन्ही आकडे सारखेच आहेत," ते म्हणाले.

"तेहतीस," तोफवाला पुटपुटला.

तेहतीस बाबांच्या चौथ्या वहीतच होतं.

बाहेर भोंग्यातून बाई काहीतरी सांगत होती, पाच विमानं एका रांगेत डोक्यावरून गेली, सगळं मैदान वर बघत होतं. आमच्या तंबूत कोणी वर बघितलं नाही.

"नंबर वाचला कोणी?" मास्तरांनी विचारलं. रागाने नव्हे, पण विचारलं.

मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण आवाज निघायला जो एक क्षण लागतो, तेवढ्यात बाबा बोलून गेले.

"मी. त्या दिवशी हट्टाने दुर्बीण मीच घेतली. वाटलं, मला दिसलं."

त्यांना दिसत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मास्तरांनी खडू खाली ठेवला. मागून कोणीतरी हलकेच म्हणालं, "वय झालं, होतं असं." एकोणतीस वह्यांचा माणूस, आणि त्याच्यासाठी हे वाक्य. आणि मी गप्प. सासूबाईंनी कानातला एक बोळा काढून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घातला.

परतीच्या बसमध्ये सासूबाई पुढे बसल्या. मी बाबांशेजारी.

"बाबा, मी…"

"कळलं मला."

"त्या दिवशीच कळलं होतं?"

"नाही. फोटो बघितल्यावर. तुझा फोन वाजलेला ऐकला होता मी. पण तू छत्तीस म्हणालीस. मग छत्तीसच."

यापेक्षा त्यांनी मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

"मग तुम्ही तुमच्यावर का घेतलंत?"

"तुला तिथे परत बसायचंय. मला काय, अर्धा आंधळा म्हातारा. मला माफ करतील."

"मी मास्तरांना आजच फोन करून खरं सांगते."

"म्हणजे मला खोटं पाडतेस?" ते म्हणाले. "एक खोटं तू बोललीस, एक मी. आता पुरे."

घरी आल्यावर त्यांनी शेवटची वही काढायला सांगितली. मला वाटलं, ती एक ओळ खोडतील. त्यांनी पट्टी घेतली आणि चौदा महिन्यांपूर्वीच्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक ओळीवर एक रेघ. मी मोजत होते, सहाशे अकरा.

"बाबा, बाकीचे खरे आहेत हो! एकूण एक खरा आहे."

"असतील," ते पट्टी सरकवत म्हणाले. "पण मला कसं कळणार?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. कार्डाचा नियम होता, तो त्यांनी मला लावला, जसा कोणालाही लावला असता. रात्री ह्यांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. हे म्हणाले, "मला लहानपणी मारलं असतं तरी चाललं असतं, पण बाबा कधी अशी पट्टी काढतील, याचीच भीती असायची."

दोन आठवडे टोपी खुंटीवर राहिली. सासूबाईंनी मला एका शब्दाने विचारलं नाही. तिसऱ्या बुधवारी मात्र त्यांनीच ती टोपी झटकून बाबांच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, "चपला घाल. त्यांना रस्ता कोण दाखवणार?"

उंचवट्यावर बसल्यावर बाबांनी पिशवीतून दोन वह्या काढल्या. एक त्यांची, एक कोरी.

"ही तुझी. तुला दिसेल ते तू लिही. मला ऐकू येईल ते मी लिहीन."

माझा फोन मी घरी ठेवून आले होते. तीन-चार विमानं उतरली, मी नंबर लिहिले, मोठ्याने वाचले नाहीत. त्यांनी विचारले नाहीत. मग लांबून तो आवाज आला, एकात एक मिसळलेल्या चार इंजिनांचा. मी आधीपासूनच दुर्बीण लावून होते. निळी शेपटी. पहिला आकडा तीन. दुसऱ्यावर उन्हाच्या झळा अशा नाचत होत्या की तो विरघळल्यासारखा दिसत होता, आणि काच फिरवेपर्यंत विमान वळलं.

बाबा उभे होते. चौदा महिन्यांच्या सवयीने विचारून गेले, "दिसला?"

"तीन दिसला. पुढचा नाही."

त्यांनी अगदी हळू विचारलं, "गोल होता का?"

"खाली गोल होता. सहा असेल, आठही असेल."

"म्हणजे दिसला नाही."

"नाही दिसला, बाबा."

ते बसले. तारीख घातली, वेळ विचारून घेतली, 'चार इंजिनं' लिहिलं आणि नंबराच्या जागी एक आडवी रेघ ओढली. मीही ओढली. टोपण या वेळी त्यांनी स्वतःच लावलं.

तोफवाला त्या दिवशी आला नव्हता. ते मी बसतानाच बघून घेतलं होतं, का कोण जाणे. छत्तीस म्हणाले असते तर कोणालाही कळलं नसतं. आणि कदाचित या वेळी ते खरंही असतं.