भिंतीकडे तोंड

सिरसाळ्याच्या बाजाराबाहेर एका बाईची खानावळ होती. निजामाचा अमल होता तेव्हा. बैलगाडीने बीडला जाताना मी आणि माझे मालक तिथे एकदाच जेवलो. तिचं नाव मी विचारलं नाही. भाकरी थापताना ती हाताकडे बघतच नसे. नजर सारखी रस्त्यावर.

मालक पुरुषांच्या पंगतीत बसले. मी ताट पुढे घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसले, तशी ती पीठभरल्या हातांनी उठून आली.

"बाई, भिंतीकडं तोंड करा."

"कावून? मी काय चोरून खायले का?"

"बाईमाणूस उघड्यावर जेवलं म्हणून पाटलानं मागं माझी चूल फोडली. तुमी जेवून गाडीत बसताल. मला हितंच ऱ्हायचं हाय."

मालक मान खाली घालून कालवण ओरपत होते. मला पाटलाचा आणि मालकांचा, दोघांचाही संताप आला. पण माझ्या हट्टापायी तिची चूल फुटावी, हे पटेना. मी वळले.

ज्वारीची पातळ, पापुद्रा सुटलेली भाकरी, लसणाचा ठेचा, वर कच्चं तेल. घराबाहेर इतकं चवीचं मी कधी खाल्लं नव्हतं, आणि ते शेणाने सारवलेल्या भिंतीकडे बघत खावं लागलं. मागे पुरुष खुशाल ढेकर देत होते. मग मात्र मी मुद्दाम मोठ्याने ओरडले, "भाकर झकास हाय! अजून एक वाढा!"

ती धावत आली. भाकरी ताटात टाकली, वर तेलाची धार सोडली.

"आणखी दोन खा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "पण वरडू नका."