जमीन ठेवून तांदूळ

पुण्याहून निघालेली गाडी घाट उतरत होती, तेव्हा मी आयर्लंडच्या दुष्काळावरचं पुस्तक वाचत होते. तिथल्या गरिबांच्या मदतीच्या कायद्यात एक कलम घातलं गेलं होतं: पाव एकराहून जास्त जमीन असेल, तर मदत नाही. पोटासाठी कितीतरी लोकांनी जमिनी सोडल्या. मला पुढे वाचवेना. आमच्या छोट्या संस्थेच्या धान्य-मदतीचा नियमही तसाच होता, ‘नावावर जमीन असल्यास मदत नाही’. तो मीच लिहिला होता. त्या नियमानं काय केलं, हे आता गावात जाऊन बघायचं ठरवलं होतं.

कर्जत स्टेशनबाहेर शकीलभाई भेटले. संस्थेचं धान्य त्यांच्याच टेंपोतून गावोगाव जातं, घेणाऱ्यांची यादीही तेच पाठवतात. ओढ्यापाशी रस्ता खचलेला, म्हणून पुढे चालत निघालो. चिखलात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. अनवाणीच एका लांबलचक भिंतीच्या कडेनं चालले. आत फार्महाऊस होतं.

“ही हिराबाईंची जमीन,” शकीलभाई म्हणाले. “तांदूळ मिळावा म्हणून दिराच्या नावे हक्क सोडला. त्यानं विकून टाकली. आता त्या इथंच झाडलोट करतात.”

“मला का नाही कळवलंत?”

“यादी पाठवत होतो ना, बाई. यादीत नुसतं नाव असतं.”

हिराबाई कामावर होत्या. त्यांच्या शेजारच्या यमुनाबाई ओटीवर बसल्या होत्या. नवरा गेल्यापासून एकट्याच वरकस (भात न होणारी डोंगरउताराची जमीन) कसतात, नाचणी लावतात.

“तुमीच त्या नियमवाल्या बाई?”

“हो.”

“मंग आधी जेवा.”

नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी. वाढता वाढता त्या शांतपणे बोलत होत्या.

“दोन वर्सं मागितलं. तुमची मानसं बोलली, जमीन सोडा. सोडली, तर म्होरल्या साली काय पेरू? परत तुमच्याच दारात येऊ?”

मी वही उघडली. “नियम कसा हवा, तुम्हीच सांगा.”

“भूक बघून द्या. सातबारा बघून नको.” मग थांबून म्हणाल्या, “हिराची जमीन काय परत येत नाय, ठाव हाय मला. पन नव्या यादीत पयलं नाव तिचं लिवा.”

लिहिलं.

पुण्याला परतल्यावर बैठक झाली. खजिनदार म्हणाले, “जमीनवाल्यांची रांग लागेल.”

“लागू दे,” मी म्हणाले. “रांगेत कोण उभं आहे, ते मी स्वतः जाऊन बघीन.”

दोन तास वाद झाला. मी जागची हलले नाही. शेवटी ती ओळ खोडली.

ती मी लिहिली होती, हे मात्र खोडता येत नाही. लांब बसून नियम लिहिणं सोपं असतं, म्हणून आता लांब बसत नाही. दर महिन्याला धान्याबरोबर कर्जतला जाते. हिराबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. तांदूळ घेतात आणि वळतात. पुढच्या महिन्यातही मी जाणार आहे.