चिखलावर घेतलेला आळ

त्या डॉक्टरला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको.

फौजेतून सुटताना जवानाची शेवटची वैद्यकीय तपासणी होते. अंगात जो बिघाड आहे तो नोकरीत झाला की घरूनच आणला, हे तिथले डॉक्टर ठरवतात. नोकरीत झाला असं त्यांनी मानलं तरच अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा उभा राहतो. माझा बिघाड पायांत होता. बर्फातल्या चौकीवर एका हिवाळ्यात बूट ओलेच राहिले, वाळवायला सोय नव्हती, आणि दोन्ही पायांची बोटं आधी पांढरी पडली, मग काळीनिळी झाली. कापावी लागली नाहीत, पण त्यानंतर ती माझी राहिली नाहीत. थंडीत टाचांत आग व्हायची, आणि बोटांच्या जागी लाकडाचे तुकडे बांधल्यासारखं वाटायचं. तशा पायांवर पुढची सगळी नोकरी काढली.

तपासणीच्या दिवशी मी बूट चकाचक करून, छाती काढून, लंगडणं दाबून आत गेलो. साहेबासमोर लंगडत जाणारा जवान कधी पाहिला आहे का कोणी? डॉक्टर गोडबोल्या निघाला. "घर कहाँ है?" त्याने विचारलं.

"गोंदिया जिला, साब. धान का इलाका."

"अच्छा! फिर तो बचपन में कीचड़ से पैर खराब होते होंगे?"

आणि मी गाढव, हसत हसत म्हणालो, "होते थे ना साब, सबके होते हैं. हम उसको चिखल्या बोलते हैं." धानाची रोवणी करताना दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या कशा सडतात, मेंदीचा पाला वाटून लावला की कशा बऱ्या होतात, सगळं रंगवून सांगितलं. इतक्या वर्षांत कोणत्या साहेबाने माझ्या गावचं काही विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं हो! तो मान डोलवत लिहीत होता.

सौंदडला घरी परतलो. काही महिन्यांनी उत्तर आलं. पायांचा त्रास लहानपणापासूनचा, शेतातल्या चिखलामुळे झालेला, सेवेशी संबंध नाही. दावा नामंजूर.

बायकोने ऐकून कपाळाला हात लावला. "अजी, चिखल्याचं सांगाले तुमाले कोनी सांगतलं होतं?"

"त्यानं विचारलं."

"विचारलं म्हनून समदं सांगाचं का? काऊन बोलले तुमी?"

काय सांगणार तिला, कप्पाळ! पैसा कोणाला नको असतो? पण त्याहून उत्तरातलं ते वाक्य मला झोंबत होतं. बर्फाने खाल्लेली बोटं त्याने माझ्या बापाच्या बांधीच्या, धानाच्या शेताच्या, माथी मारली. ज्या चिखलातून आमच्या ताटात भात आला, त्याच्यावर आळ! हे वाक्य मला फौजेच्याच हातून खोडून घ्यायचं होतं, आणि ते खोडलेलं त्या डॉक्टरच्या कानावर जावं अशी फार इच्छा होती.

अपील टाकलं, आणि त्याच दिवशी शपथ घेतली. निकाल लागेपर्यंत बांधीत उतरायचं नाही. चिखलाचा थेंब पायाला लागू द्यायचा नाही. मग बघू म्हटलं, कशाला दोष देता ते.

आमच्याकडे घरधनी रोवणीच्या वेळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोजे-बूट घालून बसला तर काय होतं, ते रोवणीच्या बायांना ओळखणाऱ्यालाच कळेल. बायको बाकीच्या बायांसोबत गुडघाभर चिखलाच्या गाऱ्यात वाकलेली आणि मी वर कोरडाठाक. एक म्हातारी रोज ओरडायची, "काऊन गा फौजी, पायाले मेंदी लावून बसला का?" की बाकीच्या हसून लोळायच्या. रोवणी सरली की आमच्याकडे बाया घरधन्याला चिखल फासतात. मला फासायला आल्या तेव्हा मी धुऱ्यावरून पळालो. लंगडत पळालो, म्हणून आणखी हसल्या. मी दात खाऊन मनात त्या डॉक्टरला म्हणायचो, हस लेका, तूही हसून घे.

पहिलं अपील फेटाळलं. दुसरंही. दोन्ही उत्तरांत तेच वाक्य जसंच्या तसं. रोज सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना मी त्या डॉक्टरचा उद्धार करायचो. त्याचे बूट भर बर्फात ओले होवोत, त्याला शेकोटी न मिळो, आणि वर कोणीतरी येऊन गोड आवाजात त्याच्या लहानपणाची चौकशी करो. बायको म्हणायची, "आता बस करा." मी बस केलं नाही.

शेवटी कोर्टाची पायरी चढलो. कोहमाऱ्याहून बस धरून नागपूरला वकिलाकडे खेटे घातले. वकिलाचं म्हणणं सरळ होतं. भरतीच्या वेळी याच फौजेने याला अनवाणी पळवलं, बोट न् बोट तपासलं आणि पाय ठणठणीत म्हणून घेतलं. तेव्हा चिखलाचा रोग कुठे गेला होता? कोर्टाने पुन्हा तपासणी करायला सांगितली.

या वेळी मी लंगडत आत गेलो. सोंग केलं नाही, फक्त दाबलं नाही. डॉक्टर दुसरा होता. त्याने विचारलं, "अब भी खेत में उतरते हो?"

याच प्रश्नासाठी मी बायांचं हसू सोसलं होतं. म्हणालो, "पहली बार ना बोले, तब से कीचड़ को पैर नहीं लगाया, साब. पूरे गाँव से पूछ लो. फिर भी देखो, पैर और बिगड़े हैं."

तो बराच वेळ बोटं दाबून, टोचून पाहत होता. मग लिहायला लागला. मी तोंड शिवून बसलो.

वकिलाचा फोन आला तेव्हा रोवणी चालू होती आणि मी धुऱ्यावर होतो. जिंकलो होतो! पायांचा बिघाड सेवेमुळेच, चिखलाचा संबंध नाही. मी बूट काढून भिरकावले, मोजे काढले आणि थेट बांधीत उतरलो. बाया किंचाळल्या. "उतरला वं फौजी, उतरला!" पिंडऱ्यांना पाणी गार लागलं. तो गारवा बोटांत शिरायची मी वाट पाहत उभा राहिलो. लहानपणी बोटांच्या मधून चिखल कसा वर यायचा, ते मला पक्कं आठवत होतं.

बायको हातात पऱ्ह्यांचा, धानाच्या रोपांचा, जुडा घेऊन अगदी जवळ येऊन उभी राहिली. आधी हसत होती. मग तिचं हसू थांबलं.

"अजी," ती हळूच म्हणाली, "मी तुमच्या पायावर उभी हाओ. सरक म्हनून काऊन नाही म्हनत?"

मी खाली पाहिलं. गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं. तिने पाय कधी काढून घेतला, तेही मला कळलं नाही.

चिखल निर्दोष सुटला होता. मी त्या डॉक्टरला सगळ्या बायांसमोर मोठ्याने शिवी हासडली, आणि त्या दिवशी एकही बाई हसली नाही.