आचलला घातलेली शपथ

आचलने परवा स्टेशनवर माझा हात धरला नाही. पिशवी धरली, पाण्याची बाटली धरली, माझा हात मात्र नाही. सामान ठेवल्यावर गाडी सुटेपर्यंत तिचे दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले होते. ते हात काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. हिने हातांशी वैर का धरलं असेल, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आज संध्याकाळी कळलं, आणि तेव्हापासून मी एका जागी बसू शकलेली नाही.

आचल माझी मुलगी. वय चोवीस. विशाखापट्टणमच्या मासळी बंदरावर एका कंपनीत टुना मासा पारखायचं काम करते. वर्ध्यात हे वाक्य मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो. आमचं घर भाजीपाल्याचं. आंजीला दिरांचं शेत, पिपरी मेघेत आमचं दुकान. सासऱ्यांच्या गळ्यात माळ होती, त्यामुळे घरात अंडंही येत नाही.

पण तिची पारख याच दुकानात घडली. आठ वर्षांची असल्यापासून ती टरबुजावर बोटं वाजवून सांगायची, हे आजचं, हे दोन दिवसांनी, हे गुरांना. यांनी त्रिकोणी फोड कापून दाखवायच्या आधीच तिचं उत्तर तयार असायचं. समोरचे रूपराव गुरुजी तर दुकानात येताच म्हणायचे, "बंडूजी, तुमचा हात राहू द्या. मागच्या खेपेले तुम्ही देलेलं टरबूज बायकोनं माह्या डोक्यावर फोडाचं बाकी ठेवलं. पोरीले बोलवा."

तिच्या स्वभावाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ती सात वर्षांची असताना मी तिला दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाले, "माह्या गळ्याची शपथ, मी येईपर्यंत इथून हलायचं नाही." गेले पोस्टात, तिथून बहिणीकडे, आणि विसरले. परतले तेव्हा तीन वाजले होते. एप्रिलचं ऊन, पोरगी पायरीवर तशीच, तोंड लालबुंद. सावली दोन हातांवर होती.

"सावलीत काऊन नाई बसली?" मी ओरडले.

"तू सुटली म्हटलं नाई ना."

आमच्याकडे ज्याने शपथ घातली त्यानेच "सुटली" म्हणायचं असतं, तोवर ती सुटत नाही. पोरं खेळात हे म्हणतात आणि विसरतात. आचल विसरत नाही. मी मात्र ही गोष्ट वर्षानुवर्षं पाहुण्यांना कौतुकाने सांगत राहिले.

नागपूरच्या कॉलेजात तिने अन्नप्रक्रियेचा अभ्यास केला आणि थेट ही नोकरी लागली. शेजारच्या शकुंतलाबाई पेढा तोंडात टाकता टाकताच म्हणाल्या, "काव बाई, माळकऱ्याची नात मासोळ्या निवडाले चालली? दुसरं काई भेटलंच नाई का पोरीले?" मी बी.एस्सी. झालेली बाई. मी हसून सोडून द्यायला हवं होतं. पण उद्या हिच्या लग्नाचं पाहताना लोक काय विचारतील, तेच माझ्या मनात फिरत राहिलं. ती निघाली त्या दिवशी स्टेशनवर मी तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवला. "काम कर. पण मासा तोंडाले लावायचा नाही. माझी शपथ आहे."

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

पहिलं वर्ष तिचे फोन म्हणजे आमच्या घरची करमणूक होती. तिने सांगितलेला टुना मला आता न पाहताही दिसतो. पाठ गर्द निळी, कुशीवर सोनेरी झाक, आणि पाठीपोटावर विळ्यासारखे लांब पिवळे पर. त्या परांवरूनच त्याला यलोफिन म्हणतात. आपल्या कोकणातले लोक टुनाला कुपा म्हणतात. एकेक मासा माणसाच्या वजनाचा. कुणी पाळत नाही, कुणी खाऊ घालत नाही. होड्या तीन-तीन, चार-चार दिवस खोल समुद्रात जातात आणि एकेक गळाला लागलेला ओढून काढतात. "बाबा, हा गळाला लागला की इतका झगडते का त्याचं आंगच तापते," ती यांना सांगायची. "तसाच ठेवला तर मांस आतल्या आत खराब. लगेच रक्त काढा, लगेच बर्फात घाला."

पारखायची रीत ऐकून तर हे खूश झाले. आडते गव्हाच्या पोत्यात पोकळ सळई खुपसून दाणे काढतात, तशीच बारीक सळई शेपटीपाशी खुपसायची आणि आतल्या मांसाची कांडी बाहेर काढायची. लाल, चकचकीत असेल तर परदेशात कच्चं खायला जातो. तपकिरी पडला तर डब्यात, नाहीतर गावातल्या बाजारात.

"म्हणजे टरबूजच झालं का नाई!" हे म्हणाले.

"टरबूजच बाबा. फक्त हे टरबूज खोटं बोलते."

ते खोटं कोणतं, हेही तिने सांगितलं होतं. आपल्याकडची मासोळी सडली की गल्लीला कळतं. टुना उन्हात काही तास राहिला तर त्याच्यात एक विष तयार होतं, आणि वास मात्र येत नाही. मग तो बर्फात घाला, उकळा, तळा, ते विष जात नाही. प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या दिवशी येतो. म्हणून तिथले म्हातारे मुकादम कांडीतला एक धागा जिभेवर ठेवतात, थोडं थांबतात आणि थुंकतात. जीभ चुरचुरली की त्या होडीचा सगळा माल बाजूला.

"आणि तू?" मी विचारलं.

"माह्यासाठी ते चाखतेत."

मी तिथेच थांबायला हवं होतं. त्याऐवजी म्हणाले, "शपथ लक्षात आहे ना?"

"आहे वं आई."

दहा दिवसांपूर्वी ती अचानक घरी आली. सुट्टी आहे म्हणाली. आठ दिवस राहिली. ताटातलं इकडचं तिकडे करायची आणि उठायची. मला वाटलं कुणाशी तरी मन जुळलं असेल आणि मोडलं असेल. आयांना तेवढंच सुचतं. एका दुपारी दुकानात टरबुजांची गाडी उतरली. यांनी एक उचलून तिच्यापुढे धरलं. "सांग बरं, कधीचं?"

तिने हात मागे घेतले. "मले नाई समजत बाबा."

"अवं, वाजवून तं पाह्य."

"मले नाई समजत म्हटलं ना!"

रूपराव गुरुजी पिशवी घेऊन उभे होते. त्या दिवशी ते न पारखलेलं टरबूज घेऊन गेले.

आज संध्याकाळी गुंजनचा फोन आला. गुंजन हिंगणघाटची, आचलसोबतच शिकली, आता विशाखापट्टणमला तिच्याच खोलीत राहते. "काकू, तुम्हाले आचलनं काई सांगितलं का?" तिने विचारलं आणि मी काही बोलायच्या आत रडू लागली.

झालं ते असं, आचल घरी यायच्या काही दिवस आधी. मुकादम नातीच्या लग्नाला गेले होते. त्या दिवशी पारखायला आचल एकटीच. एका होडीचे एकोणीस मासे आले. त्या होडीचा बर्फ समुद्रातच संपला होता. मासे दुपारभर उघड्यावर पडले होते आणि मग दुसऱ्या होडीकडून बर्फ मागून त्यांना गार केलं होतं. हे कुणी सांगितलं नाही. आचलने आत तापमान पाहिलं, गार. कांड्या काढल्या, लाल. वास घेतला, ठीक. सतरा मासे शीतगृहात गेले. उरलेल्या दोन माशांचा रंग जरा कमी होता, ते तिने कामगारांच्या जेवणाला दिले.

जेवण पोलम्मा करायची. पन्नाशीची बाई, मासे धुण्याच्या कामावर. पोरगी मासे खात नाही म्हणून वर्षभर तिने आचलसाठी वेगळ्या भांड्यात वरण शिजवलं होतं, आणि माशाचा डाव चुकूनही त्या भांड्याला लागू दिला नव्हता. त्या दिवशीही एकीकडे चिंच घालून माशाचा रस्सा, दुसरीकडे आचलचं वरण. अकरा जण मासा जेवले. अर्ध्या तासात सगळ्यांची तोंडं लाल झाली, डोकी फुटायला आली, उलट्या सुरू झाल्या. जेवलेल्यांत धडधाकट होती ती एकटी आचल. तिनेच सगळ्यांना गाडीत बसवलं. दहा जण रात्रीपर्यंत बरे झाले. पोलम्माला हृदयाचा आजार होता. ती अजून दवाखान्यात आहे. डोळे उघडलेले नाहीत. उघडतील असं डॉक्टर आता म्हणत नाहीत.

"उद्या दहा वाजता आचलले जबाब द्याचा आहे," गुंजन म्हणाली. "जिभेवर काऊन नाई ठेवलं, एवढंच विचारून राह्यले सगळे. तिनं लिहून ठेवलं, विसरली म्हणून. काकू, आचल कधी काई विसरते का? मी लय भांडली तिच्यासंग. तं म्हणे, आईची शपथ होती असं कागदावर कसं लिहू? लोक हसतीन माह्या आईले."

"ती काय करून राह्यली आता?"

"बसली आहे. झोपत नाई. पोलम्माच्या पोरीनं आज तिले बाहेरच उभी केली, आत जाऊ नाई देल्लं. तेव्हापासून हात धुऊन राह्यली, पुसून राह्यली, पुन्हा धुऊन राह्यली."

फोन ठेवल्यावर मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "टरबूज चाखल्याशिवाय मी तरी कोठं विकतो, गोपिका." माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी लिहीत बसले आहे. लिहून काय होणार आहे, माहीत नाही. पोलम्माच्या मुलीला मी काय सांगू शकते? की तुझ्या आईने माझ्या मुलीचा नेम सांभाळला, आणि तोच नेम तुझ्या आईवर उलटला? मुकादम असते तर, होडीवाल्यांनी खरं सांगितलं असतं तर, असं मी स्वतःला समजावून पाहते. पण एक धागा जिभेवर ठेवून थुंकायचा होता. चुरचुर लागली असती की नसती, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. चाखून पाहायची वाट मी बंद केली होती, ते मात्र खरं. तीही शकुंतलाबाईंच्या एका वाक्याला भिऊन.

मघाशी ठरवलं होतं, सकाळी सातला फोन करू. उठली असेल, चहा घेतला असेल, मग बोलू. पण ती झोपलेलीच नाही तर उठणार कुठून? माझी सात वर्षांची लेक आत्ता त्या पायरीवर बसली आहे, उन्हात, आणि मी अजून बहिणीकडे गप्पा मारते आहे.

नोकरी जाईल. कदाचित त्याहून वाईट होईल. पोलम्माचं तर माझ्या हातात काहीच नाही. पण उद्याच्या कागदावर "विसरली" हे खोटं जाऊ नये. माझं नाव लिही म्हणेन, शपथेसकट लिही, हसू दे ज्याला हसायचं त्याला. ती ऐकेल की नाही, माहीत नाही. शपथ डोक्यावर असेपर्यंत तर नाहीच ऐकणार. म्हणून ते आधी. कशी आहेस, जेवलीस का, काहीही विचारायच्या आधी एकच शब्द म्हणायचा आहे, सात वर्षांच्या पोरीला म्हणायला विसरले तोच.

एक वाजून वीस मिनिटं झाली आहेत. पेन ठेवते आणि तिला फोन लावते.