शहात्तर हर्ट्झवर दिसलेली खोली

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, भानामती यातलं मी काहीच मानत नाही. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. गेजचा काटा हलला तर त्यामागे कारण असतं, आणि ते शोधायचाच मला पगार मिळतो. तेव्हा कमेंटमध्ये 'झोप पूर्ण करत जा' वगैरे ज्ञान पाजळू नका... ते मी स्वतःलाच शंभरदा सांगून झालंय.

घर पेणजवळ, जोह्याला. आमचा गणपतीचा छोटा कारखाना आहे. बाबा दर वर्षी एक नवीन मूर्ती घडवतात, ती प्लास्टरमध्ये पक्की करतात आणि तिच्यावर रबर चढवून साचा काढतात. पहिला माल बाजारात जाईपर्यंत ती मूळ मूर्ती बाहेरच्या कुणाला दाखवायची नाही. दुसऱ्या कुणी तिच्यावर रबर चढवलं की साचा त्याचाही झाला, आणि बाबांची मेहनत पाण्यात.

त्या वर्षीचा गणपती होडीच्या टोकावर बसलेला, आणि समोर उंदीर वल्हं धरून. काय देखणा झाला होता म्हणून सांगू! आसनाच्या मागे बाबा डाव्या अंगठ्याचा ठसा देतात. अंगठ्यावर जुन्या जखमेची आडवी रेघ आहे, ती ठशात बरोब्बर उमटते. मूर्ती मागच्या खोलीत कुलपात. चावी दोघांकडेच... बाबा आणि मी.

आता निनाद. माझ्या मामाचा मुलगा, रोह्याला असतो. सेकंड शिफ्ट सुटली की मी त्याच्याच खोलीवर झोपायचो. गेममध्ये आमची जोडी ठरलेली. त्यानं नवीन मॉनिटर घेतला आणि जुना मला देऊन टाकला.

"साठ हर्ट्झचा हाय, पण ओव्हरक्लॉक कर," तो म्हणाला. "सेटिंगमध्ये एकेक आकडा वाढवत जा. सेकंदाला चित्रं जास्त, म्हणजे समोरचा आधी दिसतो. नाय झेपलं तर स्क्रीन काळी होईल, घाबरू नको. पंधरा सेकंदांत आपोआप जुन्यावर येतो."

जानेवारीतली गोष्ट. शनिवार, दुपारचे चार. बाहेर कारखान्यात बाबा कामगारांवर ओरडत होते, आई तांदूळ निवडत होती. अगदी रोजच्यासारखं सगळं. मी पासष्ट केलं, सत्तर केलं, पंचाहत्तर... लोण्यासारखं चाललं. मग हाव सुटली. शहात्तर टाकलं.

स्क्रीन काळी झाली. पण पूर्ण नाही. त्या काळ्यात हळूहळू एक खोली दिसायला लागली. हिरवी फरशी, खिडकीला निळी चादर — निनादची खोली! फरशीवर पेपर पसरलेला, त्यावर आमचा गणपती आडवा. ब्रश धरलेला एक हात त्याच्या पोटावर रबर फासत होता. मनगटात निनादचं कडं. बस, पंधरा सेकंद झाले आणि डेस्कटॉप परत आला.

धावत मागच्या खोलीत गेलो. मूर्ती जागच्या जागी. परत येऊन पुन्हा शहात्तर टाकलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. कानशिलं तापली होती नुसती. सरळ निनादला फोन लावला आणि सगळं सांगितलं... खोली, पेपर, रबर, कडं.

 तो खदाखदा हसला. "येड लागलंय काय तुला? शहात्तरला सिग्नल जातो, दुसरं काय? पंचाहत्तरवर ठेव नि गप खेळ. माझ्यावर संशय घेतोस होय रे?"

मला स्वतःचीच लाज वाटली. ज्यानं मॉनिटर फुकट दिला त्याच्यावर आळ घेतला! आणि या लाजेपायीच मी तो गाढवपणा केला.

पुढच्या शनिवारी आईबाबा लग्नाला अलिबागला निघाले, दोन दिवसांसाठी. मला दोन्ही दिवस डबल ड्युटी, झोपही कंपनीतच. निनाद म्हणाला, "मी येऊन राहतो, कारखान्याकडे बघतो." वडखळला तो एसटीतून उतरला, मी बाइकवरून त्याला तिथेच गाठलं आणि चावी त्याच्या हातात दिली. मागच्या खोलीच्या चावीसकट. मुद्दाम. माझा विश्वास आहे हे त्याला कळावं म्हणून. मी रोह्यात ड्युटी करत होतो तेव्हा आमचा गणपतीही रोह्यातच होता, त्याच्या फरशीवर. आईबाबा परतायच्या आत ती मूर्ती पुन्हा कुलपात, म्हणून कुणाला पत्ताच लागला नाही.

होळीनंतर शेजारच्या गावातल्या एका कारखान्यात ओळीनं उभे होडीवरचे गणपती दिसले. बाबांनी एक उचलून पालथा केला. मागे अंगठा, अंगठ्यावर आडवी रेघ. त्यांनी मूर्ती अलगद जागेवर ठेवली आणि घराची वाट धरली.

मी निनादला गाठलं. त्यानं नाकारलं नाही. त्या कारखान्यात त्याला भागीदारी मिळणार होती म्हणे. "पण खरं सांगू?" तो म्हणाला, "तुझा फोन येईपर्यंत असलं काय माझ्या डोक्यातपण नव्हतं. तूच सांगितलंस, पेपर कसा, रबर कसं... मग ते डोक्यातून जाईना."

हलकट! चोरीसुद्धा माझ्याच माथी मारली. पण खोटं बोलत नसेल तर? 

संतापाच्या भरात मी घरी येऊन बाबांना सगळं सांगून टाकलं, स्क्रीनसकट. ते हसतील, चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे तुला आठवडाभर आधी म्हाईत होतं?"

"बाबा, ते स्क्रीनवर..."

"मी त्या टीव्हीचं इचारत नाय. म्हाईत होतं, नि तरी चावी दिलीस. व्हय का नाय?"

"...व्हय."

त्यांनी हात पुढे केला. मी माझी चावी त्यावर ठेवली.

त्यानंतर किती वेळा शहात्तर टाकून पाहिलं. काळी स्क्रीन, त्यात माझंच थोबाड, आणि पंधरा सेकंदांनी डेस्कटॉप. मॉनिटर आधी निनादच्या खोलीत होता, हे मान्य. झालेलं काही त्यात अडकून राहिलं असतं तर एक वेळ मी डोकं खाजवून गप्प बसलो असतो. पण हे तर व्हायचं होतं! कंपनीतल्या सीनियरना विचारलं, केबल बदलली, सगळं करून झालं. कारण सापडलेलं नाही.

यंदाची मूर्ती झालीय. उंदराचं काहीतरी भारी केलंय, असं आई म्हणते. मी अजून पाहिलेली नाही.