कारंजी त्या दिवशी चालू होती

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मित्रांना नाही, मुलीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, त्या सुमनला तर नाहीच.

सुमन माझी बायको. सहा वर्षांपूर्वी आम्ही नाशिकहून टूरबरोबर अमेरिकेला गेलो, त्यात दोन दिवस लास वेगास. काय शहर हो! गाइड सांगत होता, इथे नुसतं वाळवंट आणि रेल्वेचं एक स्टेशन होतं. मग जवळ धरण बांधायला मजूर आले, जुगाराला परवानगी मिळाली आणि बघता बघता हॉटेलं उभी राहिली. खोटा आयफेल टॉवर, छतावर रंगवलेलं आभाळ, त्याखाली कालव्यातून होड्या! सुमन म्हणाली, "अहो, वाळवंटात एवढं पाणी, आणि आपल्याकडे एकच वेळ नळ!"

तिला मात्र एकच गोष्ट बघायची होती — गाण्यावर नाचणारी कारंजी. त्यांच्यासमोर फोटो काढायचा म्हणून तिने येवल्याहून खास पैठणी विणून घेतली होती. तिथल्या शेवटच्या संध्याकाळी ती नेसून तयार झाली. नाकात नथ, पायात स्पोर्ट्स शूज, डोक्याला कानटोपी — थंडी होती ना.

आणि मला तिची लाज वाटली. कशाची एवढी लाज? टूरमधली तरुण मंडळी हसतील याची? तिला तर कुणी कधी हसलं नव्हतं. कोता होतो मी, दुसरं काय. "खाली विचारून येतो," म्हणालो, आणि पाच मिनिटांनी वर येऊन सांगितलं — कारंजी आज दुरुस्तीसाठी बंद आहेत.

तिने पैठणीची घडी घातली. मी दही आणायच्या निमित्ताने बाहेर पडलो आणि — इथेच जीभ अडखळते — एकटाच उभा राहून अख्खा खेळ बघितला. परतलो तर तिने माझ्यासाठी खाकरा आणि लोणचं काढून ठेवलं होतं. "पाय दुखले असतील," म्हणाली.

तेव्हापासून ती सगळ्यांना सांगते, आमचं नशीबच फुटकं, नेमकी त्याच दिवशी बंद! मी शेजारी बसून मान हलवतो.

आता मुलगी तिकडेच नोकरीला लागलीय, दिवाळीनंतर बोलावतेय. आज सकाळी सुमनने पैठणी गॅलरीत वाऱ्याला घातली आणि हसत म्हणाली, "तिला फोन करून आधी विचारा हं, या वेळी कारंजी चालू आहेत ना."

फोन केला नाही. ती भाजी घेऊन आली की समोर बसवून सांगणार आहे — तेव्हाही चालू होती. मी बघितली. पुढे माझ्याबरोबर जायचं की एकटीने, ते ती ठरवेल. पैठणी तेवढी आत घेतो, गॅलरीत ऊन आलंय.